भरियाचं ओझं, डोंगराचं ओझं

पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून एव्हरेस्ट बेस कॅम्पला किंवा अन्नपूर्णेच्या वाटेला जाणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. निघण्याआधी महिनोन्‌महिने तयारी चालते. सिंहगडाच्या फेऱ्या होतात, बुटांची चौकशी होते, डायमॉक्स घ्यावी की नाही यावर वाद होतात. आणि दराची घासाघीस होते. एका आयोजकाचा दर दुसऱ्यापेक्षा पाच-सात हजारांनी कमी असला की अख्खा गट तिकडे वळतो. विमानाचं तिकीट, परवान्याचं शुल्क, लॉजमधला डाळ-भात यांत आयोजकाला फारशी सवलत मिळत नाही. मग हा दर उतरतो कुठून? बहुतेक वेळा तो सामान वाहणाऱ्याच्या मजुरीतून उतरतो, त्याच्या विम्यातून उतरतो, किंवा दोघांचं ओझं एकाच्या पाठीवर चढवून उतरतो. डोंगरातल्या कचऱ्यावर आपण पुष्कळ बोलतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. मजुरीतली काटछाट दिसत नाही, म्हणून जबाबदार पर्यटनाची चर्चा तिथून सुरू करायला हवी.

या प्रश्नाचा सर्वांत लांब आणि शिकण्यासारखा इतिहास नेपाळचा आहे. गुरखा पलटणीतले निवृत्त ब्रिटिश अधिकारी जिमी रॉबर्ट्स यांनी १९६४ मध्ये काठमांडूत ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही कंपनी काढली आणि गिर्यारोहण मोहिमांची पद्धत हौशी पर्यटकांसाठी खुली केली. तंबू, स्वयंपाकी, सरदार आणि हमालांची रांग, म्हणजे मोहिमेतलं सारं काही, फक्त शिखर वगळून. त्याच वर्षी एडमंड हिलरींनी लुक्लाची धावपट्टी बांधून घेतली. शाळा आणि दवाखान्यांचं सामान एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात नेणं सोपं व्हावं, एवढाच त्यांचा हेतू होता. खुमजुंगची शाळा १९६१ची, खुंदेचं रुग्णालय १९६६चं. पण लुक्ला खुंबूच्या पर्यटनाचा दरवाजा ठरला. २०१८-१९ मध्ये तिथल्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात पन्नास हजारांहून अधिक परदेशी पाहुणे आले, आणि त्यांतल्या बहुतेकांचं पहिलं पाऊल त्याच धावपट्टीवर पडलं.

या पाहुण्यांचं सामान वाहणारे नेपाळात ‘भरिया’ म्हणवतात. आपण सगळ्यांनाच शेर्पा म्हणून मोकळे होतो, पण भरियांमध्ये शेर्पा थोडे. बहुतेक जण राई, तामांग, मगर समाजांतले, खोटांग, भोजपूर, ओखलढुंगा अशा खालच्या डोंगरी जिल्ह्यांतून आलेले. त्यांची शेतं दीड-दोन हजार मीटरच्या आसपास असतात. विरळ हवा त्यांना आपल्याइतकीच नवी असते आणि आपल्याइतकीच बाधते. ‘ही डोंगरातली माणसं, यांना काही होत नाही’ हा समज म्हणूनच जीवघेणा ठरत आला आहे.

पाठीवर डोको म्हणजे टोपली, कपाळावरून घेतलेला नाम्लोचा पट्टा, हातात टेकायला तोक्मा. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नामचे बाजारच्या वाटेवरच्या भरियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या पाठीवरचं सरासरी ओझं त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भरलं, स्त्रियांच्या पाठीवरचं ६६ टक्के. संशोधकांना कुतूहल होतं ते इतकं ओझं इतक्या कमी ऊर्जेत कसं वाहिलं जातं याचं. मला मात्र ते आकडे वाचून वेगळाच प्रश्न पडला होता, की एवढं वाहायची वेळ का येते. त्याचं उत्तर मजुरीच्या पद्धतीत आहे. ट्रेकर्सच्या बॅगा वाहणाऱ्याला रोजावर पैसे मिळतात आणि त्याच्यासाठी तीस किलोची मर्यादा निदान कागदावर तरी मानली जाते. लॉजपर्यंत तांदूळ, प्लायवूड, गॅसच्या टाक्या आणि बिअरची खोकी पोचवणाऱ्याला मात्र किलोवर पैसे मिळतात. तो स्वतःहून साठ-सत्तर किलो उचलतो, कारण वीस किलोत घर चालत नाही. आपली डफल बॅग बारा किलोंची आहे, म्हणून आपलं मन निर्धास्त असतं. पण चार हजार मीटरवर आपण मागवलेला पिझ्झा आणि कोकचा कॅन कुणाच्या तरी नाम्लोवरूनच वर आलेला असतो. काही वाटांवर हे काम आता खेचरांकडे आणि हेलिकॉप्टरकडे गेलं आहे, तरी ते संपलेलं नाही.

भरियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न जगापुढे आला तो मृत्यूंमुळे. नोव्हेंबर १९९५ मध्ये गोक्यो खोऱ्यातल्या पांगा इथे हिमस्खलनात जपानी ट्रेकर्स आणि त्यांच्या बरोबरचे नेपाळी कामगार एकत्र गाडले गेले. १९९७ मध्ये उंचीच्या आजाराने खालावलेला एक तरुण भरिया वाटेतच टाकून दिला गेला आणि मेला. त्या घटनेनंतर ‘इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप’ ही संस्था उभी राहिली. तिचे नियम वाचले तर लाज वाटावी इतके साधे आहेत. भरियाला हवामानाला साजेसे कपडे असावेत. झोपायला आडोसा आणि पोटाला अन्न असावं. आजारी पडल्यास ट्रेकरला मिळतात तेच उपचार त्यालाही मिळावेत. आजारी माणसाला पैसे हातावर ठेवून एकट्याने खाली पाठवू नये. ओझं त्याच्या ताकदीच्या आत असावं. संस्थेने गोक्यो वाटेवरच्या माछेर्मो इथे भरियांसाठी निवारा आणि उपचारकेंद्र बांधलं. काठमांडूच्या ‘कीप’ या संस्थेने भरियांसाठी कपड्यांची बँक चालवली आहे. ट्रेकर परतताना आपली उबदार जॅकेटं तिथे देतात आणि वर निघालेला भरिया ती ट्रेकपुरती वापरायला नेतो. इतकी थेट उपयोगाची योजना मला दुसरी माहीत नाही.

तरीही २०१४ हे वर्ष आलंच. १८ एप्रिलला खुंबूच्या हिमप्रपातात हिमकडा कोसळला आणि पुढच्या तळांसाठी वाट आणि सामान तयार करणारे १६ कामगार गेले. सगळे नेपाळी. सरकारने प्रत्येक कुटुंबाला सुरुवातीला जाहीर केलेली तातडीची मदत होती ४० हजार नेपाळी रुपये. ज्या शिखराच्या परवान्यांतून सरकार दर वर्षी कोट्यवधी कमावतं, त्या शिखरावर मेलेल्या माणसाची ही किंमत शेर्पांनी मान्य केली नाही. त्यांनी काम थांबवलं आणि त्या वसंतातल्या नेपाळच्या बाजूच्या मोहिमा जवळपास साऱ्या बंद पडल्या. कामगारांच्या आयुर्विम्याची किमान रक्कम त्यानंतर १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपये झाली. गिर्यारोहणाच्या इतिहासात कामगारांनी एकजुटीने काही मिळवल्याचं इतकं ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. त्याच वर्षी ऑक्टोबरात आंध्रच्या किनाऱ्यावर आलेलं हुदहुद वादळ हिमालयाला जाऊन भिडलं आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात ४०हून अधिक माणसं दगावली. त्यांत ट्रेकर होते, गाइड होते, भरिया होते, याकांचे राखणदारही होते. ओल्या कॅनव्हासच्या बुटांत बर्फातून चाललेल्यांची अवस्था काय झाली असेल ते सांगायला नको. हवामानाची सूचना खेडोपाडी वेळेत पोचली असती तर पुष्कळ जीव वाचले असते, ही टीका तेव्हा झाली आणि ती रास्त होती.

आता डोंगराकडे वळू. कारण माणसाची आणि जंगलाची गोष्ट इथे वेगळी काढता येत नाही.

खुंबूत जंगलाची राखण ‘शिंगी नावा’ करत. गावाने निवडलेले हे रखवालदार कुणी किती लाकूड तोडलं यावर नजर ठेवत आणि दंड करत. १९५७ मध्ये नेपाळ सरकारने जंगलं राष्ट्रीय मालकीची केली आणि गावाचा हा अधिकार ढिला पडला. पुढे १९७६ मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झालं, सैनिक आले, नियम आले. बाहेरच्या जाणकारांनी त्या काळात ‘खुंबूचं जंगल पर्यटकांच्या चुलीत गेलं’ असा निष्कर्ष काढला होता. भूगोलतज्ज्ञ ऑल्टन बायर्स यांनी जुन्या छायाचित्रांच्या जागी पुन्हा उभं राहून तीच दृश्यं टिपली, तेव्हा चित्र अधिक गुंतागुंतीचं निघालं. खालच्या पट्ट्यातलं जंगल बरंचसं शाबूत होतं. खरी नासाडी चार हजार मीटरच्या वर झाली होती. तिथली जमिनीलगत वाढणारी धूपीची झुडपं लॉज आणि मोहिमांच्या जळणासाठी मुळासकट उपटली गेली होती. त्या उंचीवर मनगटाएवढं खोड व्हायला कित्येक दशकं लागतात. मुळं गेली की माती सुटते आणि उतार उघडा पडतो. गरम पाण्याने एक अंघोळ म्हणजे काय, याचा हिशेब त्या उंचीवर असा करावा लागतो. स्थानिकांनी २००४ मध्ये या उंच कुरणांसाठी स्वतःची संरक्षण परिषद उभी केली.

अन्नपूर्णेच्या परिसरात वेगळा मार्ग निवडला गेला, आणि माझ्या मते नेपाळने जगाला दिलेली ही मोठी शिकवण आहे. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की माणसं बाहेर आणि बंदूकधारी आत, या पद्धतीला चंद्र गुरुंग आणि मिंग्मा नोर्बू शेर्पा या दोघांनी पर्याय शोधला. मिंग्मा नोर्बू हे सगरमाथा उद्यानाचे पहिले शेर्पा वॉर्डन. गावोगाव हिंडून त्यांनी लोकांना विचारलं. १९८६ मध्ये घांद्रुक गावातून अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं काम सुरू झालं. आज ते ७,६२९ चौरस किलोमीटरचं, नेपाळमधलं सर्वांत मोठं संरक्षित क्षेत्र आहे आणि त्यात लाखभर माणसं राहतात. ट्रेकर्सचं प्रवेशशुल्क सरकारी खजिन्यात गडप न होता याच क्षेत्राच्या कामाला यावं, अशी रचना झाली. लॉजमालकांच्या समित्या बनल्या. त्यांनी मेनू आणि दर ठरवून एकमेकांचे दर पाडण्याची शर्यत थांबवली. अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर लाकूड जाळणं बंद झालं, रॉकेल आणि गॅस आला, सौर बंब आले. प्लास्टिकच्या बाटल्या कमी व्हाव्यात म्हणून शुद्ध पाण्याची केंद्रं निघाली, त्यांतली काही गावच्या आमा समूहांनी, म्हणजे महिला गटांनी चालवली.

हीच पद्धत पूर्वेला कांचनजंगा परिसरात नेली गेली आणि सप्टेंबर २००६ मध्ये ते क्षेत्र पूर्णपणे स्थानिक परिषदेच्या हाती सोपवण्यात आलं. त्या समारंभाहून परतताना घुन्साजवळ हेलिकॉप्टर कोसळलं आणि त्यातले सर्व २४ जण गेले. चंद्र गुरुंग आणि मिंग्मा नोर्बू दोघेही त्यात होते. नेपाळच्या संरक्षण चळवळीची एक अख्खी पिढी एका दिवसात संपली. त्यांनी उभं केलेलं काम चालू राहिलं, कारण ते आधीच लोकांच्या ताब्यात गेलं होतं.

इथे थोडं थांबून एक अडचण सांगायला हवी. ‘स्थानिकांना फायदा’ हे शब्द आपण फार सैल वापरतो. खुंबूतला लॉजमालक शेर्पा स्थानिक आहे. त्याची मुलं काठमांडूत किंवा परदेशात शिकतात आणि समितीत त्याचा शब्द चालतो. त्याच्याच ओसरीवर रात्र काढणारा खोटांगचा राई भरिया त्या गावचा नाही. दर ठरवणाऱ्या समितीत त्याला जागा नाही, पर्यटनाच्या पैशातून झालेली शाळा त्याच्या मुलांसाठी नाही. अन्नपूर्णेची रचना गावाला न्याय देते, पण वाटसरू मजुराला देईलच असं नाही. म्हणून गावाच्या समित्या पुरेशा नाहीत. कामगारांच्या संघटना आणि सरकारी तपासणीही लागते. पोखऱ्यातल्या तीन छेत्री बहिणींनी १९९०च्या दशकात बायकांना गाइड म्हणून तयार करायला सुरुवात केली, तेव्हा नेपाळात हे काम पुरुषांचंच मानलं जाई. एखाद्या कंपनीने मनावर घेतलं तर किती फरक पडतो हे त्यांनी दाखवलं. पण साऱ्या धंद्याने तसं करावं यासाठी दुसरं काही लागतं.

ते दुसरं काही पेरूमध्ये आणि टांझानियात दिसतं. माचू पिच्चूकडे जाणाऱ्या इंका वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच प्रवेश आहे, आणि या पाचशेंत गाइड, स्वयंपाकी आणि हमालही मोजले जातात. २००१ मध्ये पेरूने हमालांसाठी खास कायदा केला, ओझ्याची मर्यादा घातली आणि वाटेच्या नाक्यावर वजनकाटा ठेवला. दर फेब्रुवारीत वाट डागडुजीसाठी बंद असते. किलिमांजारोच्या दरवाजांवरही हमालाचं ओझं तोललं जातं, मर्यादा वीस किलोंची. तिथल्या हमालांना मदत करणारा प्रकल्प २००३ पासून कामगारांना थेट विचारून कोणती कंपनी ठरलेली मजुरी देते याची नोंद ठेवतो, आणि पर्यटकाला ती यादी बघून कंपनी निवडता येते. वजनकाटा ही किती साधी वस्तू. नेपाळच्या बहुतेक वाटांवर ती अजून नाही. त्याऐवजी नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना गाइड सक्तीचा केला, आणि खुंबूच्या स्थानिक पालिकेने तो नियम आपल्याकडे लागू करायला नकार दिला. गाइड सोबत असणं हिताचंच आहे, हरवलेल्यांचे शोध कमी होतात, रोजगार वाढतो. पण गाइड सक्तीचा आणि त्याची मजुरी, विमा ऐच्छिक, असं झालं तर त्या नियमाचा फायदा मधल्या दलालालाच होईल.

कचऱ्याच्या बाबतीत खुंबूची कामगिरी चांगली आहे, आणि ती मुख्यतः तिथल्याच लोकांची आहे. १९९१ मध्ये नामचेत स्थापन झालेली सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती कचरा गोळा करते. खुंबूच्या हिमप्रपातातली शिड्या-दोरांची वाटही तीच बांधून घेते. काचेच्या बाटल्यांवर १९९८ पासून बंदी आहे. २०१४ मध्ये एव्हरेस्टवर जाणाऱ्या प्रत्येकाने आठ किलो कचरा खाली आणायचा, नाहीतर मोहिमेची चार हजार डॉलरची अनामत जप्त, असा नियम झाला. नामचेजवळून ट्रेकर्सच्या हाती किलोभर कचऱ्याची पिशवी देऊन ती लुक्लापर्यंत नेण्याची योजनाही सुरू झाली. लुक्लाला परतणाऱ्या प्रत्येकाच्या सॅकमध्ये एवढी जागा असतेच. मात्र ज्या पाण्यावर हे सारं उभं आहे, त्याचाच धोका वाढतो आहे. १६ ऑगस्ट २०२४ रोजी वरच्या हिमतळ्याचं पाणी फुटून थामे गावात शिरलं, घरं, शाळा, दवाखाना वाहून गेला. तेनझिंग नोर्गे ज्या गावात वाढले ते हेच. हिमनद्या वितळण्यात त्या गावाचा वाटा नगण्य, आणि विमानाने येणाऱ्या आपला वाटा त्याहून निश्चितच मोठा.

भारतीय म्हणून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अन्नपूर्णा क्षेत्राचं शुल्क इतर परदेशी पाहुण्यांना तीन हजार नेपाळी रुपये आहे आणि सार्क देशांतल्यांना एक हजार. आपण एक तृतीयांश भरतो, आणि मुक्तिनाथच्या यात्रेमुळे आपलीच संख्या तिथे मोठी आहे. सवलत शेजारधर्माची आहे, ती घ्यायला हरकत नाही. पण वाचलेले दोन हजार भरियाच्या बक्षिशीत गेले, तर ते योग्य जागी जातील.

आपल्या बाजूच्या हिमालयात सरकार आणि न्यायालयांनी बंदीचा मार्ग धरला. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंच कुरणांवर, मुक्कामाला मनाई केली आणि पर्यटकांची संख्या दोनशेवर आणली. आली-बेदनी बुग्यालांची अवस्था पाहता काहीतरी करणं भाग होतं. त्या वाटेने रूपकुंडला मराठी गटांची रीघ लागायची, तंबूंच्या वस्त्या उठायच्या. पण त्या निकालाने पायथ्याच्या वाण आणि लोहाजंगच्या खेचरवाल्यांचं, गाइडचं, स्वयंपाक्यांचं काम एका हंगामात गेलं. कुरणाला मलमपट्टी मिळाली, माणसाला नाही. लडाखमध्ये स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सीने रुंबक खोऱ्यात वेगळं करून दाखवलं. हिमबिबट्या मेंढ्या मारायचा आणि गावकरी त्याला मारायचे. गावात होमस्टे सुरू झाले, पाहुणे बिबट्याच्या ओढीने येऊ लागले, आणि जिवंत बिबट्या घरच्या बाईच्या हातात पैसे आणू लागला. घराघरांत पाळीपाळीने पाहुणे पाठवायचे, म्हणजे एकाच घराची भर होत नाही, ही तिथली शिस्त मला त्या योजनेचा गाभा वाटते.

सह्याद्रीत आपण यांपैकी कुठे आहोत? शनिवारी रात्री पुण्याहून सुटणाऱ्या बसमध्ये ट्रेकचे पैसे आयोजकाकडे जमा होतात. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईच्या घरात पिठलं-भाकरी होते, वाटाड्या वाट दाखवतो, आणि कोकणकड्यावर तंबू पडतात. या पैशांतले किती पायथ्याच्या गावात उतरले हे सांगायला आयोजक बांधील नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात भर आहे तो मुख्यतः नोंदणी, प्रशिक्षण आणि सुरक्षितता यांवर. अपघात पाहता ती गरज होतीच. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर गर्दीत अडकलेल्या माणसांची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण किती माणसं झेपतील हे ठरवायचा अधिकार गावाला कुठेच नाही, आणि सोमवारी सकाळी कचरा उचलायचं काम मात्र गावाचंच.

याला अपवाद साताऱ्याजवळ आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास पठार जागतिक वारसा झालं, तेव्हा फुलं बघायला आलेल्या गाड्या फुलांवरच उभ्या राहत होत्या. आज दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, आगाऊ नोंदणी आहे, आणि शुल्क गोळा करण्यापासून वाट दाखवण्यापर्यंतचं काम कास आणि शेजारच्या गावांची संयुक्त समिती वनखात्याबरोबर करते. तिथेही चुका झाल्या. पठाराला कुंपण घातलं, गुरं आत यायची थांबली, आणि चराई थांबल्याने गवत माजून फुलं घटतात अशी तक्रार वाढली. मग कुंपण काढलं गेलं. ही सुधारणा करता आली ती रोज पठारावर असणाऱ्या माणसांचं ऐकलं गेलं म्हणून. हरिश्चंद्रगडाचा परिसर तर १९८६ पासून अभयारण्य आहे, म्हणजे प्रवेशशुल्क आणि वनखातं दोन्ही तिथे आहेच. पाचनई, खिरेश्वर आणि भोवतीच्या गावांची एक समिती, तंबूंची ठरलेली संख्या, पाळीपाळीने पाहुणे घेणारी घरं आणि वाटाड्याचा ठरलेला रोज, एवढं बसवायला नवा कायदा लागत नाही. कासला वनखात्याच्याच चौकटीत ते झालं आहे.